ऑफिसची दिवाळी सगळ्यांची करायची तर: तारखेपासून ताटापर्यंत

काही वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसच्या दिवाळी कार्यक्रमात नुकतीच रुजू झालेली एक मुलगी कोपऱ्यात बसून केळं खात होती. जेवण पूर्ण शाकाहारी होतं. मुद्दाम तसं ठेवलं होतं, म्हणून मी निश्चिंत होते. ती जैन. पावभाजीत कांदा-बटाटा, पुलावात लसूण, आणि ताटं वाढायला घेतली तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजलेले. सूर्यास्तानंतर ती जेवत नाही. तिने तक्रार केली नाही, 'भूक नाही' एवढंच म्हणाली. त्याच संध्याकाळी सूत्रसंचालकाने नागालँडहून आलेल्या एका सहकाऱ्याला स्टेजवर ओढून 'तुमच्याकडचा एक डान्स होऊन जाऊ दे' असा आग्रह धरला. तो कसंनुसं हसला, दोन मिनिटं नुसता उभा राहिला आणि खाली उतरला. पुढच्या वर्षी नेमकी त्या दिवशी त्याने रजा टाकली.

आयोजन माझ्याकडे होतं, त्यामुळे दोन्ही चुका माझ्याच. तेव्हापासून पुण्यातल्या आमच्या दीडशे माणसांच्या कंपनीत हा कार्यक्रम मी ज्या पद्धतीने करत आले, ती इथे लिहिते आहे. त्या वर्षीच मी एक गोष्ट कायमची बंद केली. एकेका टीमला एकेक राज्य वाटून द्यायचं, भाड्याचे पोशाख आणायचे, स्टॉलवर नकाशा टांगायचा, हा 'भारत दर्शन' प्रकार. त्यात राज्य दिसतं, पण शेजारच्या खुर्चीवरचा माणूस दिसत नाही. एका वर्षी मी एकाला आडनावावरून आंध्रच्या गटात टाकलं होतं. तो सोलापूरचा निघाला, विणकरांच्या घरातला. घरात तेलुगू बोलतात, पण चार पिढ्या सोलापुरात गेलेल्या आणि आंध्र त्याने पाहिलेलंही नव्हतं. दुसऱ्या एकाला तमिळ समजून बसलो, तर तो तंजावरच्या मराठी घरातला. सण घराचा असतो आणि कोणाच्या घरात काय चालतं हे आडनावावरून कळत नाही. विचारावं लागतं.

तारीख दोन महिने आधी जाहीर करा

रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडतं. बिहार, बंगाल, ओडिशाकडे जाणाऱ्या मुलांची दिवाळीची तिकिटं त्या सकाळीच निघतात किंवा निघतच नाहीत. तुम्ही पंधरा दिवस आधी तारीख सांगितलीत, तर निम्मी माणसं तेव्हा गाडीत असतील. म्हणून कार्यक्रम वसुबारसेच्या आधीच्या आठवड्यात ठेवा आणि तारीख दोन महिने आधी सांगून टाका.

ज्यांच्या घरी छठ असते, त्यांच्यासाठी मोठा दिवस दिवाळीनंतर सहावा. चार दिवसांचं हे व्रत, त्यातला सुमारे ३६ तासांचा उपास पाण्याशिवायचा. असा सहकारी दिवाळीत ऑफिसला थांबून छठेला गावी जायला तयार असतो. दिवाळीची सुट्टी हवी असणाऱ्या दुसऱ्याशी त्याची अदलाबदल सहज जमते. त्यासाठी रजांचा तक्ता याच वेळी, सगळ्यांना समोर बसवून करा.

वेळ दुपारी तीन ते पाच. त्या दिवसांत पुण्यात साधारण सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे सूर्यास्ताआधी जेवणारेही पोटभर खाऊन निघतात. लांबून येणाऱ्या बायकांना अंधारात परतावं लागत नाही. शुक्रवार शक्यतो टाळा. दुपारच्या नमाजाला गेलेली माणसं धावतपळत परत येतात आणि तयारीत त्यांना हात लावता येत नाही. कार्यक्रम दुपारचा असल्यामुळे दारूचा प्रश्नही उरत नाही.

प्रश्न चारच

तारखेबरोबर एक छोटा फॉर्म पाठवा, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत. आमचा असा असतो:

१. कोणता पदार्थ तुम्हाला चालत नाही? कारण सांगायची गरज नाही.
२. घरचा एखादा पदार्थ, रांगोळी, गाणं किंवा गोष्ट आणायला आवडेल का? 'नाही' हे उत्तर अगदी चालेल.
३. कार्यक्रमात काय नको वाटतं?
४. फोटोत यायला हरकत आहे का?

धर्म, जात, राज्य यातलं काही विचारायचं नाही. पहिल्या प्रश्नातलं 'कारण सांगायची गरज नाही' हे वाक्य मात्र काढू नका. मधुमेह असलेला, शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली, कांदा न खाणारा, गरोदर असल्याचं अजून कोणाला न सांगितलेली, सगळे त्याच एका रकान्यात निर्धास्तपणे लिहितात. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं एकाच माणसाने वाचावीत आणि स्वतःपाशी ठेवावीत.

ज्यांच्याकडे कंपनीचा ईमेल नाही, त्यांच्याकडे स्वतः जा. हाउसकीपिंगच्या मावशी, कँटीनची मुलं, गेटवरचे काका यांना हेच चार प्रश्न तोंडी विचारा आणि उत्तरं तिथेच लिहून घ्या.

नाव दिवाळीच ठेवा, पूजा वेगळी ठेवा

सगळ्यांना सामावून घ्यायचं म्हणून कार्यक्रमाचं नाव 'फेस्टिव्ह मीट' करणं मला पटत नाही. दिवाळी आहे तर दिवाळी म्हणा आणि मनापासून बोलवा. कोणी आपल्या घरच्या सणाला बोलावलं की जायला आनंदच होतो. अवघड होतं ते हात जोडण्याचा, आरती घेण्याचा, कपाळावर कुंकू लावून घेण्याचा आग्रह झाला की. म्हणून लक्ष्मीपूजन किंवा वहीपूजन होत असेल तर ते वेगळ्या वेळी, वेगळ्या खोलीत, ज्यांना यायचं त्यांच्यासाठी. कोण आलं नाही याची नोंद कोणाच्या डोक्यातही राहता कामा नये.

हे महाराष्ट्रात विशेष जपायला हवं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, तेव्हाच्या २२ प्रतिज्ञांपैकी पहिल्याच प्रतिज्ञा देवपूजा न करण्याच्या आहेत. त्या मनापासून पाळणारी माणसं तुमच्या ऑफिसात असणारच. त्यांना फराळाला यायचं असतं, गप्पा मारायच्या असतात. पूजेच्या रांगेत उभं राहायचं नसतं.

वर्कशॉप असेल तर आणखी एक लक्षात घ्या. आपल्याकडे यंत्रांची आणि हत्यारांची पूजा खंडेनवमीला किंवा दसऱ्याला होते. ओडिशा, बंगाल, बिहारकडच्या कारागिरांची विश्वकर्मा पूजा १७ सप्टेंबरच्या सुमारास, म्हणजे बहुतेक वर्षी त्याआधीच येऊन जाते. त्या दिवशी त्यांनी मशीनला हार घातला तर सुपरवायझरला ते आधी ठाऊक हवं. 'आज काय आहे रे?' असं विचारण्यापेक्षा तो हार आणायला मदत करणारा सुपरवायझर त्यांच्या वर्षभर लक्षात राहतो.

करंजीचं टेबल

कार्यक्रमात माझ्या सगळ्यात आवडीचं हेच. राज्यवार स्टॉल लावण्यापेक्षा एकच पदार्थ घ्या आणि तो कोणाकोणाच्या घरी कोणत्या नावाने होतो ते एका टेबलावर मांडा. करंजी याला अगदी योग्य. उत्तर प्रदेशात ती गुजिया, गुजरातेत घूघरा, गोव्यात नेवरी, कर्नाटकात कर्जिकाई, तेलुगू घरांत कज्जिकायलु आणि तमिळ घरांत सोमासी.

पहिल्या वर्षी सहा घरांतून सहा डबे आले. गुजियात खवा, आपल्या करंजीत सुकं खोबरं, भाजलेला रवा, खसखस नि वेलची, सोमासीत पुटाण्याच्या डाळीचं पीठ. लखनौच्या सहकारी म्हणाल्या, 'आमच्याकडे ही होळीला.' गोव्याच्या आमच्या अकाउंटंट म्हणाल्या, 'आमच्याकडे नाताळला, कुस्वारात, म्हणजे नाताळच्या फराळात.' दिवाळीचा म्हणून मांडलेला पदार्थ होळी आणि नाताळ बरोबर घेऊन आला होता. मग स्टोअरमधल्या काकूंनी नेवरी उचलून तिची कड पाहिली आणि विचारलं, 'मुरड हाताने घातली की कातण्याने कापलीत?' दोघी टेबलाशी उभ्या राहिल्या. एकीने रुमालाची घडी घेऊन अंगठ्याने दुमडत-दुमडत मुरड कशी घालायची ते दाखवलं, दुसरीने टिश्यू पेपरवर तसंच करून पाहिलं. शेजारी बसूनही दोघी वर्षभरात बिलांखेरीज काही बोलल्या नव्हत्या.

हे टेबल मांडताना थोडी काळजी घ्या. प्रत्येक डब्यापुढे कार्ड ठेवा. कार्डावर पदार्थाचं नाव आणणाऱ्याच्या भाषेत आणि लिपीत, खाली देवनागरीत, त्याखाली करणाऱ्याचं नाव आणि आत काय काय आहे ते: तूप की वनस्पती, खवा, काजू, शेंगदाणे, तीळ. नाव स्वतःच्या हाताने लिहायला द्या. कन्नडमधलं किंवा तेलुगूमधलं वळणदार नाव त्या माणसाच्या अक्षरात पाहायला फार छान वाटतं.

सामानाचा खर्च कंपनीने द्यावा, पावती न मागता, डब्यामागे ठरावीक रक्कम म्हणून. आणि हे काम गुपचूप बायकांच्या गळ्यात पडू देऊ नका. दरवर्षी त्याच चार जणींनी रात्री जागून तळायचं आणि बाकीच्यांनी खायचं, यात कसलाच सण नाही. पीजीत राहणाऱ्या मुलाकडे गॅस नसतो. त्याने दुकानातून आणलं तरी चालेल, किंवा आईला फोन करून नुसती कृती लिहून कार्ड लावलं तरीही. आमच्याकडे एकाने रिकाम्या ताटलीपुढे कार्ड ठेवलं होतं: 'हे माझी आजी करायची.' त्यापुढे सगळ्यात जास्त लोक थांबले.

दुसऱ्या वर्षी चकली घ्या, मुरुक्कु आणि जंतिकलुसोबत. तिसऱ्या वर्षी शंकरपाळी घ्या, गोव्याच्या कुलकुलांसोबत.

बाकीचं ताट

चांगली गोष्ट अशी की आपला दिवाळीचा फराळ मुळातच बहुतेकांना चालतो. दीडशे माणसांना माझा हिशोब असा: माणशी ५० ग्रॅम धरून साडेसात किलो चिवडा, प्रत्येकी दोन म्हणजे ३०० चकल्या, १५० बेसनाचे लाडू, वर थोडं जास्तीचं. ऑर्डर बचत गटाला महिनाभर आधी द्या. चिवडा आणि शेव लसणाशिवायची सांगा. त्या एका सूचनेने निम्मे प्रश्न सुटतात. चिवड्यातले शेंगदाणे वेगळे मागवून वाटीत ठेवता येतात.

गरम म्हणून पोहे, कांदा-बटाटा न घालता, वर घ्यायला चिरलेला कांदा वेगळ्या वाटीत. इथे गोव्याची आठवण काढायला हरकत नाही. तिथे नरकासुराचे पुतळे जाळून झाले की पहाटे घरोघर पोह्यांचेच प्रकार होतात: दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले. गोव्याचं कोणी असेल तर त्यांना विचारून त्यातला एक प्रकार ठेवा.

केक आणणार असाल तर बिनअंड्याचा, पाकिटावर हिरवा ठिपका पाहून. मिठाईवर चांदीचा वर्ख नको म्हणून सांगा, बऱ्याच जणांना तो चालत नाही. साखर न घातलेलं काहीतरी हवंच: भाजलेले मखाणे, फळं. आणि सूचनेत 'शुद्ध शाकाहारी' असं लिहू नका, नुसतं 'शाकाहारी' पुरे. जो घरी मासे खातो त्याला तो 'शुद्ध' शब्द टोचतो आणि आपल्या ते लक्षातही येत नाही.

सजावट

रांगोळीसाठी दोन फूट बाय दोन फूट प्लायवूडचे तुकडे कापून घ्या आणि मागेल त्याला एक द्या. कोणी ठिपक्यांची, कोणी तांदळाच्या पिठाचा कोलम, कोणी आलपना, कोणी फुलांचं पूक्कळम काढेल. मग ते तुकडे एकमेकांना लावून मोठा चौक मांडा. प्लायवूडमुळे चकचकीत फरशीवर कोणी घसरत नाही आणि आगीच्या वेळच्या वाटेत रांगोळी येत नाही. पुसायचं काम काढणाऱ्यांनीच करायचं, मावशींनी नाही.

तेलाच्या पणत्या बाहेर, वाळूच्या ट्रेमध्ये. आत बॅटरीच्या. धुराने अलार्म वाजून इमारत रिकामी करावी लागल्याची वेळ मी पाहिली आहे. आकाशकंदील मात्र विकत आणू नका. बांबूच्या काड्या, पतंगाचा कागद आणि खळ घेऊन आदल्या दिवशी अर्धा तास सगळे बसा. सांगाडा जपून ठेवा, त्याचं पुढे काम आहे.

त्या दोन तासांत

पहिली पणती ऑफिसात सगळ्यात जुन्या असलेल्या मावशींच्या हातून लावा. भाषणं नकोत. 'बेस्ट ट्रॅडिशनल ड्रेस' स्पर्धा तर नकोच. ज्याला जे घालायचं ते घालू दे. ज्याला जीन्स घालायची तो जीन्समध्ये येईल. नागा घरातली शाल असो की केरळी धोतर, म्हणजे मुंडू, तो त्यांच्या घरचा कपडा आहे. त्याला गुण देणारे आपण कोण?

मग पाच जणांनी प्रत्येकी दोन मिनिटं बोलायचं. नावं आधीच फॉर्ममधून आलेली, ऐनवेळी कोणाला उठवायचं नाही. नावांचा उच्चार नीट यावा म्हणून प्रत्येकाकडून स्वतःच्या आवाजात नाव सांगितलेला व्हॉट्सॲप व्हॉइस मेसेज घ्या आणि सूत्रसंचालकाला चारदा ऐकायला लावा. प्रश्न सगळ्यांना एकच: तुमच्या घरी वर्षातला सगळ्यात मोठा दिवस कोणता, आणि त्या दिवशी सकाळी उठल्यावर पहिलं काय होतं?

'तुमच्या संस्कृतीबद्दल सांगा' म्हटलं की माणूस शाळेतला निबंध म्हणतो. सकाळ विचारली की तो घरात शिरतो. तमिळ सहकाऱ्याने सांगितलं, दिवाळीला पहाटे डोक्यावर तेल, मग औषधी लेहियमचा एक गोळा, आणि भेटेल तो विचारतो, 'गंगास्नान झालं का?' बंगालच्या मुलीने कालीपूजेच्या आदल्या दिवशीच्या चौदा पालेभाज्या आणि चौदा दिवे सांगितले. शीख सहकाऱ्याने गुरू हरगोबिंदजी ग्वाल्हेरच्या किल्ल्यातून सुटले त्या बंदी छोड दिवसाची गोष्ट सांगितली. एका जैन काकांनी महावीरांच्या निर्वाणाची पहाट आणि निर्वाण लाडू सांगितला. पुण्यातच वाढलेल्या मुस्लिम मैत्रिणीने ईदच्या पहाटे घरभर दरवळणाऱ्या शीरखुर्म्याचं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, 'फराळाचे डबे वाड्यात सगळ्यात आधी आमच्याकडे यायचे.'

एका वर्षी आमच्या क्वालिटी विभागातल्या आज्जीवजा बाईंनी पाडव्याचं सांगताना 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हटलं. केरळचा एक मुलगा एकदम पुढे सरकला आणि म्हणाला, 'बळी? तुमच्याकडेही?' त्यांच्याकडे ओणमला महाबळी, म्हणजे त्यांचा मावेली, प्रजेला भेटायला येतो. त्याचं राज्य कसं सुखाचं होतं ते त्याने सांगितलं. शेतात बळीराजाची वाट पाहणारा आपला शेतकरी आणि पूक्कळम मांडून मावेलीची वाट पाहणारं त्याचं घर, दोघं एकाच राजाची वाट पाहतात, हे त्या खोलीत बऱ्याच जणांनी पहिल्यांदा ऐकलं. बाईंनी त्याला पाडव्याला घरी बोलावलं. तो गेला.

गाणी मागे हळू आवाजात, बोलणं ऐकू येईल इतकीच. फोटो काढण्याआधी चौथ्या प्रश्नाची उत्तरं फोटो काढणाऱ्याच्या हातात असू द्या.

गेटवरची माणसं

खोली भरलेली दिसते तेव्हा मी बाहेर एक चक्कर मारते. गेटवरचे काका ड्यूटी सोडून येऊ शकत नाहीत, सर्व्हर रूममधला मुलगा येऊ शकत नाही, रात्रपाळीवाले झोपलेले असतात. गार्डच्या एजन्सीशी आधी बोलून अर्ध्या-अर्ध्या तासाची बदली लावा, म्हणजे ते प्लेट घेऊन उभे न राहता आत येऊन बसतील. रात्रपाळीसाठी ताटं झाकून ठेवा, उरलंसुरलं नको, पहिल्या वाढपातलंच. कंत्राटी कामगारांना मिठाईचा बॉक्स तोच द्या जो मॅनेजरला दिलात. वेगळ्या रंगाचा, थोडा लहान बॉक्स हातात पडला की वरच्या सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं.

दुसऱ्या दिवशी

आठवड्याच्या आत दोनच प्रश्न विचारा: काय आवडलं, काय खटकलं. नाव न लिहिता. मग कॅलेंडर उघडा. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ ज्यांना लागू आहे, त्यांच्याकडे वर्षाला आठ पगारी सणाच्या सुट्ट्या असतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. बाकीच्या चार मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या असतात. फॅक्टरीचे नियम वेगळे, ते आपापल्या ठिकाणी पाहा. पण या चार सुट्ट्या ठरवताना खरोखर सगळ्यांना विचारलं जातं का, हे नोव्हेंबरातच बघा, डिसेंबरात यादी छापून होते.

दुसरा कार्यक्रम करायचा असेल तर एप्रिलचा मध्य धरा. १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती असते आणि त्याच्याच आगेमागे एक-दोन दिवसांत बैसाखी, विशू, तमिळ नववर्ष, बोहाग बिहू आणि पोयला बोइशाख. तोपर्यंत मध्ये नाताळ येतो. कपाटावर ठेवलेला कंदिलाचा बांबूचा सांगाडा खाली काढा, तो सोडून त्याच काड्यांचा पाच टोकांचा तारा बांधा, पांढरा कागद लावा आणि आत तोच बल्ब सोडा. मागच्या वर्षी आमच्याकडे हा तारा अकाउंटंटबाईंनी आणि सर्व्हर रूममधल्या मुलाने मिळून बांधला.